जाहीर झालेली मदत आणि मोजलेला हक्क

30 जून 2025 रोजी हैदराबादजवळच्या पाशमैलारममध्ये सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला. 46 मृतांची ओळख पटली, 8 जणांचा मागमूसही लागला नाही. दोनच दिवसांत प्रत्येक मृतामागे एक कोटी रुपये जाहीर झाले. त्या आकड्याच्या गाजावाजात एक साधा प्रश्न मागे पडला: कोणी काही जाहीर केले नसते, तर या कुटुंबांना कायद्याने काय मिळाले असते?

तो कामगार भरपाईचा कायदा 1923चा, अमलात आला 1 जुलै 1924 रोजी. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, ही त्यातली खरी गोम. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढे पुरते. निजामाच्या हैदराबादेत मात्र हा केंद्रीय कायदा पोचायला 1951 उजाडले. नांदेड, उस्मानाबाद तेव्हा याच राज्यात होते. दरम्यान प्रा. आडारकरांच्या 1944च्या अहवालातून 1948चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विम्याचे कार्ड असेल तर भरपाई मालकाकडून नाही, महामंडळाकडून पेन्शनसारखी मिळते. ठेकेदाराच्या माणसांपैकी अनेकांकडे ते कार्ड नसते, म्हणून जुना कायदा 2025 पर्यंत कामाचा राहिला.

त्याचा हिशेब असा. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तिशीच्या माणसासाठी तो 207.98 आहे. पगार कितीही असो, 2000च्या दुरुस्तीनंतर तो जास्तीत जास्त 4 हजार धरत, 2010 पासून 8 हजार, जानेवारी 2020 पासून 15 हजार. म्हणजे महिना 15 हजार कमावणारा तिशीचा कामगार 2019 मध्ये गेला असता, तर घरच्यांना 8,31,920 रुपये. वर्षभराने गेला असता, तर 15,59,850. माणूस तोच, यंत्र तेच! दहा वर्षे महागाई वाढत राहिली आणि कायद्याच्या लेखी पगार जागचा हलला नाही. माझ्या मते या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय हाच.

रकमेबाबत कद्रू असलेला हा कायदा न्यायालयांनी मात्र बराच सैल केला. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के धरले गेले, आणि 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालात ठरले. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड.

मार्च 2022 मध्ये सिकंदराबादच्या भोईगुड्यात भंगाराच्या गोदामाला पहाटे आग लागली. माडीवर झोपलेले बिहारचे 11 मजूर गेले. राज्याने 5 लाख, केंद्राने 2 लाख जाहीर केले. हे पैसे सरकारचे, आणि ते दिल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. पण निजलेला मजूर कामावर होता का, असा वाद घालायला वकील तयारच असतो. गोदामातच राहायला लावले असेल, तर याचे उत्तर अवघड नाही.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचे प्रकरण त्याहून बोलके. पाळी पहाटे तीनची. एप्रिल 2003 मध्ये कामावर जाताना, कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी सव्वातीन लाखांवर मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केले. बावीस वर्षे! चारच महिन्यांनी, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, 1923च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कामाच्या वाटेवरचा अपघात थेट कायद्याच्या मजकुरात आला.

मालकाने वारसांशी परस्पर तडजोड करून हातावर पैसे ठेवले, तर मृत्यूच्या प्रकरणात ती भरपाई धरली जात नाही. रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची. गावी मयत घेऊन गेलेल्या कुटुंबाला हे कोणी सांगायलाच हवे, अशी सक्ती 1923च्या कायद्यात नव्हती.