कवटीचा पेला

शत्रूच्या कवटीतून मद्य पिणाऱ्या राजाची गोष्ट आपण लहानपणी कुठे ना कुठे ऐकलेली असते. बल्गारांचा खान क्रुम हा तसा एक राजा. कवटी होती बायझंटाईन सम्राट पहिला निकेफोरस याची. गेल्या सुट्टीत थिओफेनीस या ग्रीक साधूची बखर मी भाषांतरातून वाचली, ती या पेल्यासाठीच. पेला सापडला, पण मनात रुतून बसली ती दुसरीच एक ओळ!

८११ साली निकेफोरसने बल्गारांची राजधानी प्लिस्का जाळली, क्रुमच्या खजिन्यावर स्वतःची मोहर ठोकली. क्रुमने निरोप धाडला, की जिंकलात, आता हवे ते घ्या आणि सुखाने परत जा. सम्राट ऐकेना. मग बल्गारांनी डोंगरातल्या खिंडींची तोंडे लाकडी कोट उभारून बंद केली. पंख फुटले तरी आता सुटका नाही, हे सम्राटाला कळले, पण फार उशिरा. २६ जुलैला छापा पडला आणि तो मारला गेला. त्याचे शीर काही दिवस खांबावर टांगले होते. मग कवटी चांदीने मढवून तिचा पेला झाला.

दोन वर्षांनी क्रुम कॉन्स्टॅन्टिनोपलच्या तटाखाली येऊन थडकला. नवा सम्राट पाचवा लिओ याने तहाच्या बोलण्यासाठी त्याला समुद्रकाठी बोलावले. दोन्हीकडून मोजकी माणसे, तीही निःशस्त्र, असा ठराव. प्रत्यक्षात लिओची माणसे दबा धरून बसली होती. क्रुमला वेळीच संशय आला. घोड्यावर झेप टाकून तो निसटला, जखमी झाला एवढेच.

यावर आमचे साधुमहाराज काय लिहितात? आपल्या लोकांची पापे फार, म्हणून हा बेत फसला! दगा केल्याचे दुःख नाही. नेम चुकल्याचे आहे. एखाद्या मुलाने निबंधात ‘रानटी बल्गार’ असे लिहिले, तर आजवर मी ते तसेच पुढे जाऊ दिले असते. आता माझी तांबडी पेन्सिल तिथे थबकेल.

अर्थात क्रुमही काही संत नव्हे. चिडून त्याने शहराबाहेरची वस्ती आणि देवळे जाळली, एड्रियानोपल घेऊन तिथल्या हजारो माणसांना डॅन्यूबपलीकडे हाकून नेले. ८१४ च्या एप्रिलमध्ये, राजधानीवर पुन्हा स्वारीची तयारी चालू असतानाच, तो मेला.

त्याचा मुलगा ओमुर्ताग याने पुढे त्याच लिओशी तीस वर्षांचा तह केला.