मागचं दार नीट लागतं का?



आज आपण गाड्यांच्या बॉडीबद्दल आणि मागच्या दाराबद्दल बोलणार आहोत. एसयूव्ही म्हणजे उंच, जीपसारखी मोठी गाडी. लाखो रुपये मोजून ती घेणाऱ्या मालकांच्याही तक्रारी असतात. मागचं दार पक्कं लागत नाही, वर उचललेलं दार अचानक डोक्यावर येतं, पत्रा गंजतो. तुम्ही म्हणाल, ही श्रीमंतांची दुखणी, आपल्याला काय त्याचं? पण मारेगावहून वणीला किंवा पांढरकवड्याला जाताना काळी-पिवळीत मागच्या दाराला टेकून कोण बसतं? आपणच. कापूस वेचणीला जाताना फाळक्याला पाठ लावून कोण बसतं? आपल्याच बाया.

म्हणून आधी हे दार समजून घेऊ. मागच्या दाराला वरच्या किंवा बाजूच्या बिजागऱ्या असतात आणि एक कडी, म्हणजे लॉक असतं. वर उचलायचं दार असेल तर ते तोलून धरायला गॅस भरलेले दोन दांडे असतात. दांड्यातला गॅस कमी झाला की दार वर टिकत नाही, खाली येतं. लॉक झिजलं तर धक्क्याने दार उघडतं. काठाचं रबर फाटलं किंवा दार अर्धवट उघडं राहिलं, तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या मोठ्या कुटुंबी व्हॅनबद्दल असंच झालं. अपघातात मागच्या दाराचं लॉक सुटायचं आणि मागे बसलेली माणसं, लेकरं बाहेर फेकली जायची. सरकारने चौकशी लावली. शेवटी मार्च 1995 मध्ये कंपनीने 40 लाखांहून जास्त गाड्यांची लॉकं फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. तक्रारींची आणि अपघातांची नोंद झाली, म्हणून हे घडलं. सगळे नशिबाला बोल लावून गप्प बसले असते, तर लॉक तसंच राहिलं असतं.

गाडी महाग आहे, बॉडी भक्कम आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज एसयूव्ही कठड्याला धडकली. मागे बसलेले दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी एकदम थांबली तरी आतलं माणूस त्याच वेगाने पुढे जातं. मागच्या बाकालाही पट्टा असतो तो त्यासाठीच.

आता हक्काचं बोलू. आपल्या देशातल्या एका ग्राहकाच्या क्रेटा एसयूव्हीला 2017 मध्ये अपघात झाला. पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत आणि त्याला इजा झाली. धक्का पुरेसा जोराचा नव्हता, असं कंपनी म्हणाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाने वेगाचं आणि धक्क्याचं गणित मांडावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. ग्राहकाला भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

हा हक्क फक्त मोठ्या गाडीवाल्यांचा नाही. गटाच्या कर्जातून एखाद्या ताईने पिकअप किंवा ऑटो घेतला आणि त्यात मुळातच दोष निघाला, तर गाडी उभी राहते, हप्ता मात्र चालूच राहतो. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 आपल्या कामी येतो. अशा वेळी पुढची कामं करायची.

पहिलं काम, लेखी तक्रार. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की जॉब कार्डावर दोष लिहून घ्यायचा आणि प्रत मागायची. फोटो काढायचे. बिलं, वॉरंटीचा कागद एका पिशवीत जपायचे.

दुसरं, वॉरंटी असेल तर कंपनीला दाखवण्याआधी वेल्डिंग करून घ्यायचं नाही. पुरावाच जातो.

तिसरं, दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करायचा. तरीही काम झालं नाही, तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आपण जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

चौथं, मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. एकाच मॉडेलच्या अनेक मालकांनी जिवाला धोका असलेला तोच दोष कळवला, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावू शकतं. म्हणून आपली एक तक्रारही मोजली जाते.

आणि ज्या गाडीत आपण नुसत्या बसतो, तिचं काय? प्रवासी गाडीला आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र लागतं. ते आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. निघण्याआधी मागचं दार एकदा आतून ढकलून पाहायचं. दोरीने बांधलेलं दार म्हणजे लागलेलं दार नव्हे. लेकराला दाराला टेकवून बसवायचं नाही. मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणंही फार कठीण होतं. हे एकटीने सांगितलं तर मालक दुसरी मजूर पाहतो. दहा जणींनी मिळून सांगितलं, तर त्याला दुसरी गाडी पाहावी लागते.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय घ्या. गावातल्या कोणत्या गाडीचं दार नीट लागत नाही, हे बायांना पाठ असतं. त्या गाड्यांचे नंबर इतिवृत्तात लिहा आणि मालकाला गटाच्या नावाने पत्र द्या. दुरुस्ती झाली नाही, तर त्याच पत्राची प्रत यवतमाळच्या आरटीओ कार्यालयाला पाठवा.