यंत्रभाषेचे जुळारी

संगणकाला समजणारी भाषा एकच, आणि ती आंकड्यांची. शून्य आणि एक ह्या दोन चिन्हांच्या रांगा त्याच्यापुढें ठेवल्या म्हणजे त्यांतील कांहीं रांगा तो आज्ञा म्हणून पाळतो व कांहीं सामग्री म्हणून वापरतो. ह्याहून अधिक त्याला कांहीं कळत नाहीं. घरांतून व कचेऱ्यांतून जे संगणक दिसतात त्यांपैकीं पुष्कळांत इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसर असतो. त्याच्या एएल नांवाच्या एका लहानशा कप्प्यांत ९७ ही संख्या ठेवावयाची झाल्यास १०११०००० ०११००००१ अशी सोळा चिन्हांची आज्ञा द्यावी लागते. पहिल्या आठ चिन्हांचा अर्थ 'एएलमध्यें ठेव' असा, आणि पुढचीं आठ चिन्हें म्हणजे ९७. अशा हजारों आज्ञा हातानें लिहीत बसणें किती जिकिरीचें हें सांगावयास नको. आणि त्यांत एखादें चिन्ह चुकलें तर तें हुडकून काढणें त्याहून जिकिरीचें.

तीच आज्ञा 'मूव्ह एएल, ९७' अशी अक्षरांनीं लिहिली तर माणसाला वाचतां येते. असा अक्षरी मजकूर वाचून त्याचे आंकडे करून देणारा जो प्रोग्रॅम, त्याला असेंब्लर म्हणतात. छापखान्यांतील जुळारी हस्तलिखित समोर ठेवून एकेक खिळा उचलतो आणि ओळ बसवितो, तसें हें काम आहे. जुळारी लेखकाचा मजकूर सुधारीत नाहीं. त्याचप्रमाणें असेंब्लरहि लिहिणाऱ्याच्या एका आज्ञेची यंत्राची एक आज्ञा करून देतो आणि बाजूला होतो. सी वगैरे उच्च पातळीच्या भाषांची गोष्ट निराळी. तेथें एका वाक्याच्या पांच-दहा यंत्राज्ञा होतात, व त्या कोणत्या व्हाव्या हें भाषांतर करणारा कंपायलर ठरवितो. असेंब्लीला 'खालच्या पातळीची भाषा' म्हणतात, त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. यंत्राच्या किती जवळ, एवढेंच ती पातळी मोजते.

असेंब्लरचा खरा उपकार मात्र निराळाच आहे. संगणकाची स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची एक लांबच लांब चाळ. '१२० व्या घरांतील आज्ञेकडे जा' अशी आज्ञा प्रोग्रॅममध्यें वारंवार येते. आतां मध्येंच एक नवी आज्ञा घातली कीं पुढचीं सगळीं बिऱ्हाडें एकेक घर सरकतात, आणि आधीं लिहिलेले सारे क्रमांक खोटे ठरतात. असेंब्लरमध्यें क्रमांक लिहावयाचा नसतो. त्या जागेला नांव द्यावयाचें, आणि 'त्या नांवाकडे जा' असें लिहावयाचें. क्रमांक मोजण्याचें काम असेंब्लरचें. परंतु नांवाचा उल्लेख आधीं आणि जागा मागाहून, असें झालें तर तो क्रमांक कोठून आणणार? म्हणून पूर्वापार बहुतेक असेंब्लर मजकुरावरून दोन फेऱ्या मारीत आले आहेत. पहिल्या फेरींत प्रत्येक नांव कोणत्या घरीं पडतें त्याची यादी करावयाची, आणि दुसऱ्या फेरींत ती यादी हाताशीं धरून आंकडे लिहावयाचे. ज्यानें एखाद्या ग्रंथाची सूचि स्वतः तयार केली असेल त्याला ही युक्ति निराळी समजावून देण्याची गरज नाहीं.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी म्हटली तरी चालेल. लंडनच्या बर्कबेक कॉलेजांतील कॅथलीन ब्रिटन, ज्या पुढें कॅथलीन बूथ म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्यांनीं १९४७ सालीं अँड्र्यू बूथ ह्यांच्यासह लिहिलेल्या टिपणांत सांकेतिक आज्ञांची पद्धति मांडली. केंब्रिज येथील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालला. त्यांत डेव्हिड व्हीलर ह्यांनीं रचलेल्या ३१ आरंभीच्या आज्ञा टेलिफोनच्या कामीं येणाऱ्या फिरत्या स्विचांवर कायमच्या बसविलेल्या होत्या. बेरजेला 'ए', वजाबाकीला 'एस' अशीं एकेक अक्षरें कागदी फितीवर टोंचून दिलीं म्हणजे ह्या ३१ आज्ञा त्यांचे आंकडे करीत. अवघ्या ३१ आज्ञांचा हा असेंब्लर!

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत व्हीलर ह्यांनीं त्या आज्ञांची दुसरी आवृत्ति केली, आणि तिच्यांत लिंकरचें बीज आहे. केंब्रिजच्या मंडळींनीं वर्गमूळ काढणें, आंकडे छापणें अशा नित्याच्या कामांचे तुकडे निरनिराळ्या फितींवर तयार ठेवले होते. कोणताहि तुकडा कोणत्याहि प्रोग्रॅममध्यें, स्मृतीच्या कोणत्याहि भागांत बसवितां यावा, ह्यासाठीं आंतील पत्ते आपोआप सरकविण्याची सोय त्या आवृत्तींत होती.

लिंकरचें काम समजण्यास पुन्हा छापखान्याकडेच वळावें. एक मोठा ग्रंथ दहा लेखकांनीं वांटून घेतला आहे, अशी कल्पना करा. प्रत्येकजण आपल्या प्रकरणाचीं पानें एकपासून मोजतो. 'सिंचनाचें प्रकरण पृष्ठ अमुक पहा' असें तो लिहितो, पण तें प्रकरण दुसऱ्याचें असल्यामुळें पृष्ठाची जागा कोरी सोडतो, आणि सोबत एक चिठ्ठी जोडतो कीं ह्या ह्या ठिकाणीं जागा कोरी आहे. असेंब्लर जी फाईल तयार करतो ती अशीच असते. तिला ऑब्जेक्ट फाईल म्हणतात. तिच्यांत आंकडे असतात, आपण कोणतीं नांवें पुरवितों ह्याची यादी असते, आणि कोठें काय भरावयाचें राहिलें ह्याचीहि यादी असते. सारीं प्रकरणें क्रमानें लावून एकच पृष्ठांकन करणारा आणि प्रत्येक कोरी जागा भरणारा जो बांधणीकार, तोच लिंकर. एखादें नांव कोणींच पुरविलेलें नसेल, किंवा दोघांनीं पुरविलें असेल, तर तो बांधणी थांबवून तक्रार करतो. नवशिक्या विद्यार्थ्यांना ही तक्रार असेंब्लरची वाटते व ते भलत्याच फाईलींत चूक शोधीत बसतात.

ग्रंथांत दुसरें एक पुस्तक सबंध छापण्याऐवजीं 'वाचनालयांत पहा' असेंहि लिहितां येतें. लिंकरलाहि ही सोय आहे. सामाईक तुकडे प्रत्येक प्रोग्रॅममध्यें न बांधतां एकाच ठिकाणीं ठेवावयाचे, आणि प्रोग्रॅम सुरू होतेवेळीं सांधा जोडावयाचा. त्यानें जागा वांचते, आणि सामाईक तुकड्यांतील दोष एकदां दुरुस्त केला कीं सर्वांचा दूर होतो. तें पुस्तक जाग्यावर नसेल तर मात्र सगळ्यांचेंच अडतें.

आतां 'मुक्त' ह्या शब्दाविषयीं. इंग्रजींत फुकट आणि स्वतंत्र ह्या दोन्ही अर्थीं एकच शब्द असल्यामुळें तिकडे फार घोटाळा होतो. मराठीनें मोफत आणि मुक्त असे दोन शब्द आधींच वेगळे ठेवले आहेत. मुक्त प्रोग्रॅम वाटेल त्या कामास चालवावा, त्याचा मूळ मजकूर वाचावा, बदलावा, आणि जसाच्या तसा किंवा बदललेला दुसऱ्यास द्यावा, असा हा अधिकार आहे. प्रारंभीं हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेंत १९५५ सालीं आयबीएमच्या ७०४ ह्या संगणकाच्या ग्राहकांनीं शेअर नांवाची मंडळी स्थापिली व एकमेकांचे प्रोग्रॅम देण्याघेण्यास सुरुवात केली. युनायटेड एअरक्राफ्ट कंपनींतील रॉय नट ह्यांनीं लिहिलेला असेंब्लर ह्याच मार्गानें सर्वांच्या हातीं आला. पुढें १९६९ सालीं आयबीएमनें प्रोग्रॅमांची किंमत यंत्रापासून निराळी आकारण्याचें जाहीर केलें, आणि प्रोग्रॅम हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला. घरगुती संगणकाच्या काळांत मायक्रोसॉफ्टचा मॅस्म १९८१ सालीं निघाला, तो विकतच.

ह्याच्या उलट दिशेनें रिचर्ड स्टॉलमन निघाले. संपूर्ण मुक्त अशी ग्नू ही प्रणाली उभारण्याचा संकल्प त्यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं जाहीर केला. त्यांचा कंपायलर सी भाषेचें रूपांतर असेंब्लींत करीत असे. पण पुढें तिचे आंकडे कोणी करावयाचे? यंत्र विकणाऱ्या कंपनीच्याच असेंब्लरवर आणि लिंकरवर अवलंबून राहिलें तर मुक्ति अर्ध्या वाटेवरच संपली. म्हणून ग्नूला स्वतःचा असेंब्लर हवा होता. तो डीन एल्स्नर ह्यांनीं प्रथम व्हॅक्स ह्या यंत्रासाठीं लिहिला. आज तो 'गॅस' ह्या नांवानें बिनयुटिल्स संग्रहांत लिंकरसह मिळतो. ह्या संग्रहाला कडक परवाना आहे, परंतु त्याच्या साहाय्यानें तयार केलेल्या प्रोग्रॅमला तो परवाना लागू होत नाहीं. सुतारानें करवत उसनी आणली म्हणून त्याचें टेबल करवतीच्या धन्याचें होत नाहीं.

गॅस मात्र कंपायलरचा मजकूर घेण्यासाठीं घडविलेला होता, माणसाच्या हातच्या लेखनासाठीं नव्हे. इंटेलच्या पुस्तकांत 'कोठें' आधीं आणि 'काय' मागाहून लिहितात. गॅसची मूळ पद्धति नेमकी उलटी. शिवाय यंत्र सुरू होतांना लागणारा सोळा-बिटी मजकूर त्याला प्रारंभीं करतां येत नसे. त्यामुळें १९९१ सालीं निघालेल्या लिनक्सचा तो भाग ब्रूस एव्हन्स ह्यांच्या एएस८६ ह्या निराळ्या असेंब्लरनें जुळवीत. ही उणीव पाहून सायमन टॅथम व ज्युलियन हॉल ह्यांनीं १९९६ सालीं नॅस्म लिहिला. सरळ लेखनपद्धति आणि निरनिराळ्या प्रणालींच्या ऑब्जेक्ट फाईली एकाच साधनानें करण्याची सोय, हे त्याचे गुण. २००९ पासून त्याचा परवानाहि अगदीं सैल झाला आहे. पोलंडच्या तोमाश ग्रिश्तार ह्यांचा फॅस्म तर स्वतःच्याच भाषेंत लिहिलेला असून स्वतःच स्वतःला जुळवितो. सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाचे संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकांत दोन फेऱ्यांचा असेंब्लर स्वतः लिहितात आणि मायक्रोप्रोसेसरच्या तासाला नॅस्म वापरतात. त्यासाठीं त्यांच्या पालकांना एक पैहि खर्चावी लागत नाहीं. हें ज्ञान केवळ परीक्षेपुरतें आहे असेंहि नाहीं. चलच्चित्रें उलगडणाऱ्या एफएफएमपेग व डेव्हिड ह्या मुक्त प्रोग्रॅमांत अत्यंत वेगाचे भाग आजहि हातानें असेंब्लींत लिहितात. लिंकरच्या बाजूला रुई उएयामा ह्यांनीं २०२१ च्या डिसेंबरांत मोल्डची पहिली पक्की आवृत्ति काढली. ग्रंथाचीं सारीं प्रकरणें एकाच वेळीं अनेक हातांनीं बांधावयाचीं, हें तिच्या वेगाचें मर्म.

पैशाहूनहि मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. युनिक्सचे एक कर्ते केन टॉम्प्सन ह्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग व्याख्यानांत दाखविलें कीं, भाषांतर करणाऱ्या साधनालाच चोरदार शिकवून ठेवलें तर तें प्रवेशाच्या प्रोग्रॅममध्यें तें दार बसवील, आणि स्वतःची नवी प्रत करतांना त्या प्रतींतहि तीच खोड उतरवील. मूळ मजकूर कितीहि वाचला तरी त्यांत कांहीं आढळावयाचें नाहीं. मग पहिला असेंब्लर कोणीं जुळविला, हा प्रश्न थट्टेचा राहत नाहीं. ह्यावर कांहीं मुक्तवादी मंडळींनीं जो उपाय केला तो मोठा चिकाटीचा आहे. हेक्स-शून्य नांवाचा ३५७ बाइटांचा प्रोग्रॅम त्यांनीं आरंभाला घेतला. सोळाच्या आंकडेमोडींत त्याचीं ७१४ चिन्हें होतात. एका पानावर मावतात, आणि माणसाला एकेक तपासून पाहतां येतात. त्यानें थोडें अधिक जाणणारा प्रोग्रॅम करावयाचा, त्यानें नांवें ओळखणारा लिंकर, त्यानें असेंब्लर, मग कंपायलर, असें पायरीपायरीनें चढत २०२३ च्या एप्रिलांत ग्नू गिक्स ह्या प्रणालीनें आपला सर्व डोलारा ह्या ३५७ बाइटांवर उभा करून दाखविला. ह्या पायऱ्या चालविणारें साधन आणि त्याखालचा लिनक्सचा गाभा तेवढे आधींच तयार असलेले घ्यावे लागले. त्यांचा क्रम अद्याप यावयाचा आहे.