रुग्णालयातील संशोधन आणि परिचारिका : सुरतच्या संदर्भात काही विचार

वैद्यकीय संशोधन म्हटले की डॉक्टर, प्रयोगशाळा आणि इंग्रजी नियतकालिके डोळ्यांसमोर येतात. परिचारिका त्या चित्रात नसते. वास्तविक रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ तीच असते. ताप केव्हा चढला, गोळी गिळली की उशीखाली ठेवली, सलाईन लावलेला हात कोणत्या दिवशी सुजला, हे तिला ठाऊक असते. संशोधनाला लागणारी माहिती याहून वेगळी ती काय असते? आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक मुली परिचर्येच्या अभ्यासक्रमाकडे वळतात, म्हणून हा विषय अध्यापक बंधू-भगिनींसमोर मांडत आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपण वर्गात हाती दिवा घेतलेली स्त्री म्हणून करून देतो. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) स्कुटारीच्या रुग्णालयात काम करून परतल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडून दाखविले की, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक मेले. त्या उत्तम संख्याशास्त्रज्ञ होत्या, हे मात्र आपण सांगायचे विसरतो.

जवळचे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्या बाळाचे वजन घेत, लक्षणे टिपत, जंतुसंसर्ग दिसल्यास उपचार करीत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया परिचारिका नव्हत्या. त्यांना जे साधले, ते चार वर्षे शिकलेल्या परिचारिकेला का साधू नये?

सुरतेत या प्रश्नाला भाषेचा पदर आहे. लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली अहिराणी बोलणारी कुटुंबे, उर्दूभाषक वस्ती, ओडिया यंत्रमाग कामगार आणि गुजराती शेजार एकत्र नांदतात. नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची लेखी संमती घ्यावी, असे २०१९ चे नियम सांगतात. अशाच एका संमतिपत्राचे मराठी व उर्दू भाषांतर मी केले होते. उर्दूत 'तहकीकात' लिहिले. वॉर्डातील सिस्टरने वाचून विचारले, "सर, हे वाचून लोक पोलीस आले असे समजतील. दुसरा शब्द नाही का?" हिंदी प्रतीतील 'संशोधन' शब्दाचा अर्थ हिंदीत दुरुस्ती असा होतो, तिथेही वाचक अडला. मराठीतले 'यादृच्छिक विभाजन' तिने सरळ खोडले आणि लिहिले : कोणाला कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल. माझ्या पदव्युत्तर शिक्षणापेक्षा तिचे ते वाक्य रुग्णाच्या अधिक उपयोगाचे होते, हे मान्य केले पाहिजे.

मात्र परिचारिकेला संशोधनात आणायचे म्हणजे चाचणीसाठी माणसे गोळा करण्याचे काम तिच्यावर सोपवायचे, असे नव्हे. जी सिस्टर रात्री पाणी देते, तिला 'नाही' म्हणणे रुग्णाला जड जाते. संमतीबाबतची हयगय किती महाग पडते, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पात दिसले. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत तो सुरू झाला व २०१० मध्ये थांबविण्यात आला. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. आंध्रात वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. आपण अध्यापकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उद्या तसा कागद आपल्याही टेबलावर येऊ शकतो.

बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन व संख्याशास्त्र हा विषय असतो. प्रकल्प होतो, त्याला बांधणी होते आणि तो कपाटात जातो. पुढे तीन पाळ्यांची नोकरी, घर, आणि "तुमचे काम नोंदी ठेवणे" असे वरिष्ठांचे उत्तर. उत्साह टिकावा कसा? पाळीतून ठराविक वेळ मोकळा मिळाला आणि प्रसिद्ध होणाऱ्या लेखावर डॉक्टरांबरोबर तिचेही नाव आले, तरी पुष्कळ फरक पडेल. भाषणांनी तो पडत नाही.

आपला वाटा छोटा पण ठोस आहे. नियमांप्रमाणे रुग्णालयाच्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिकही सदस्य असावा लागतो. भाषेचा अध्यापक तिथे उपयोगी पडेल. वर उल्लेखिलेल्या सिस्टरकडे एक शालेय वही आहे. सलाईनची सुई किती तासांनी बदलली आणि शीर सुजली की नाही, याच्या चार महिन्यांच्या नोंदी तिने आपणहून ठेवल्या आहेत. त्यातून काही निघते का, हे तिला पाहायचे आहे. आमच्या संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तिला येत्या शनिवारी बोलावले आहे. वहीत रुग्णांची नावे आहेत. म्हणून वही घरीच ठेवून यावे, आधी समितीकडे अर्ज करू आणि परवानगी मिळाल्यावर नावांच्या जागी क्रमांक घालू, असे त्यांनी तिला कळविले आहे.