पटावरचीं मुलें आणि मोजणीचा दिवस

शाळेचा पट हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या पटाच्या एका आंकड्यावर किती गोष्टी अवलंबून असतात, याची कल्पना पुष्कळांस नसते. शिक्षक किती नेमावयाचे, खोल्या किती बांधावयाच्या, क्रमिक पुस्तकें किती छापावयाचीं, या साऱ्यांचा हिशेब तेथूनच सुरू होतो. तो आंकडा कसा काढतात आणि त्यांत उणीव कोठें राहते, हें आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम पट आणि हजेरी यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पट म्हणजे शाळेच्या नोंदवहींत नांव दाखल असलेल्या मुलांची संख्या. हजेरी म्हणजे त्यांपैकीं त्या दिवशीं वर्गांत बसलेल्यांची संख्या. मध्यान्हभोजनाचा तांदूळ हजेरीच्या मानानें खर्ची पडतो. पहिली ते पांचवीच्या मुलास १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम, असें त्याचें रोजचें प्रमाण आहे. शिक्षक मात्र पटावरून ठरतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणें पहिली ते पांचवीसाठीं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांस तीन आणि ९१ ते १२० मुलांस चार शिक्षक, असा हिशेब आहे. म्हणजे साठावें मूल आणि एकसष्टावें मूल यांच्यामध्यें एका शिक्षकाचें अंतर आहे.

आंकड्याला एवढें मोल आलें, कीं तो फुगविण्याचा मोहहि ओघानेंच आला. म्हणून २०११ सालीं ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत महाराष्ट्र सरकारनें राज्यभर एकदम पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये, यास्तव मुलांच्या बोटांस शाई लावण्यांत आली. पटावर नांव आहे पण वर्गांत मूल नाहीं, असा प्रकार तेव्हां लक्षावधि नांवांच्या बाबतींत आढळला. पुढें २०१५ पासून 'सरल' या प्रणालींत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होऊं लागली. देशव्यापी 'यू-डायस' गणनाहि पूर्वीं शाळेच्या बेरजा घेत असे. २०२२-२३ पासून ती मुलागणिक नोंद घेते.

खोट्या नांवांस यामुळें आळा बसतो, हें खरें. परंतु दुसरी एक अडचण नांव खरें असूनहि उरते. ती आहे मोजणीच्या दिवसाची.

निमगांव केतकीचें उदाहरण घ्या. इंदापूर तालुक्यांतील हें पानमळ्यांचें गांव. आषाढी वारीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी येथें मुक्कामास असते. त्या रात्रीं गांवांतील माणसें मोजलीं, तर येणारी संख्या आणि मार्गशीर्षांत मोजून येणारी संख्या यांत जमीनअस्मानाचें अंतर पडेल. दोन्ही मोजण्या खऱ्या; दिवस तेवढा निराळा. शाळांच्या मोजणीसाठीं अनेक वर्षें ३० सप्टेंबर हा दिवस धरण्यांत आला. जूनमधील प्रवेशांची धांदल तोंवर संपलेली असते, म्हणून तो सोयीचाहि आहे. परंतु ऊसाचा हंगाम त्यानंतर सुरू होतो.

याच तालुक्यांत भवानीनगरचा छत्रपति आणि बिजवडीचा कर्मयोगी हे सहकारी साखर कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या तोडणीसाठीं बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबें दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्यांचीं मुलें ३० सप्टेंबरास आपल्या गांवच्या पटावर असतात, आणि नोव्हेंबरांत फडाजवळच्या कोपींत. तिकडे शिक्षक आहे पण मूल नाहीं. इकडे मूल आहे, पण त्याच्या हिशेबानें नेमलेला शिक्षक नाहीं.

यावर उपाय निघाले नाहींत असें नाहीं. मुलें गांवींच राहावीं म्हणून हंगामी वसतिगृहें, कारखान्यापाशीं साखरशाळा, आणि मुलाबरोबर जाणारें शिक्षण हमी पत्रक, हे त्यांपैकीं होत. परंतु मुलागणिक नोंद हातीं आल्यावर मोजणी वर्षांतून एकदांच कां असावी? इंग्लंडांत शाळांची गणना तिन्ही सत्रांत, म्हणजे वर्षांतून तीनदां होते. आपल्याकडे निदान ऊसाच्या जिल्ह्यांत जानेवारींत दुसरी मोजणी व्हावी, आणि त्या मानानें हंगामापुरता शिक्षक मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तोंवर एक गोष्ट पालकांनीं व गांवकऱ्यांनीं लक्षांत ठेवावी. शाळा सुरू होऊन महिने लोटले, एवढ्याच कारणास्तव मुलाला प्रवेश नाकारतां येत नाहीं. कायद्याचें १५ वें कलम तसें स्पष्ट सांगतें. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, तरी त्यासाठीं प्रवेश अडवितां येत नाहीं. फडावर मूल दिसलें, तर त्यास जवळच्या शाळेंत नेऊन त्याचें नांव घालणें, हें कोणाहि सुजाण माणसास करतां येण्यासारखें आहे. ज्या मुलाचें नांव जेथें तें राहतें तेथें लिहिलेलें नाहीं, त्याची गरज सरकारच्या हिशेबांत उतरणार तरी कशी?