आधी टाकी, मग किक

"किक मारू नका, पाव्हणं. आधी टाकी उतरवू."

वस्तादांचं हे पहिलं वाक्य. तरुणाचा किकवर चढलेला पाय तसाच खाली येतो. कागलकडच्या एका गावातून टेम्पोत घालून त्यानं वडिलांची आरएक्स १०० कोल्हापूरला आणलीय. वडील गेल्यापासून ती गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती. तिच्यावरून आठ पावसाळे गेले. गावात चौघांनी किका मारून बघितल्या, उतारावर ढकलूनही बघितली. वस्ताद हे ऐकतात आणि कपाळाला आठी घालतात. त्या खटाटोपात टाकीतला गंज खाली कार्बोरेटरात उतरला असणार.

शिवाजी उद्यमनगरातलं हे एका शटरचं गॅरेज. पलीकडे लेथ चालू आहे, त्याच्या आवाजात बोलायचं तर सगळ्यांनाच आवाज चढवावा लागतो. एस्कॉर्ट्स आणि यामाहाची ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी १९८५ला आली आणि १९९६ला बंद झाली. तरीही इथं आत्ता भिंतीला टेकून आणखी दोन उभ्या आहेत.

टाकीचं झाकण उघडताच वास येतो तो वार्निशसारखा. पेट्रोलमधला हलका भाग केव्हाच उडून गेलाय. जड भाग हवेशी संयोग होऊन चिकट झालाय. वस्ताद उरलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढतात आणि बरणी कट्ट्यावर ठेवतात. थोड्या वेळात तळाशी निराळा थर दिसायला लागतो. पाणी! अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री पत्रा गार पडला की तिचं पाणी होतं, आणि ते पेट्रोलपेक्षा जड असल्यानं खाली जाऊन बसतं. टाकी तळाकडून गंजते ती यामुळं.

आताच्या पेट्रोलची गोष्ट तर आणखी पुढची. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघंही पेट्रोलमधून फुटून खाली बसतात. या जिल्ह्याच्या उसातून तयार होणारं इथेनॉल मला परकं नाही, शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो हेही चांगलंच. पण ही गाडी घडली तेव्हा तिच्या रबरी नळ्या आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनवलेच नव्हते. जुनी गाडी बाळगणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलंच पाहिजे.

पोऱ्या टाकीत कोमट पाणी ओततो, लिंबूसत्व घालतो, एक जुनी टायमिंग चेन आत सोडतो आणि टाकी दोन्ही हातांनी घुसळतो. चेन पत्र्यावर घासते, गंजाचे पापुद्रे सुटतात. टाकी आता रात्रभर अशीच राहील. उद्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, वाळवून, आतून ऑइल फिरवलं जाईल. झाकणाची हवेची भोकं मात्र वस्ताद लगेच फुंकून बघतात. ती बुजलेली असली तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं आणि चालती गाडी रस्त्यात बंद पडते.

मग कार्बोरेटर. खालची वाटी सुटते. आत हिरवट-तपकिरी थर, बोटाला गुळाच्या पाकासारखा चिकटणारा. फ्लोट त्यात रुतून बसलाय.

"मामा, नवीनच टाकूया की," तरुण म्हणतो.

"ह्याला काय झालंय? घाण बसलीया, ती काढायची. मिकुनीचं हाय हे. बाजारात जे मिळतंय त्याचं भोक कुठलं आणि माप कुठलं!"

मला हे शंभर टक्के पटतं. साफ करून चालणारी अस्सल वस्तू भंगारात घालायची आणि तिच्या जागी नक्कल बसवायची, याला दुरुस्ती म्हणवत नाही.

पितळी पायलट जेट वस्ताद उजेडासमोर धरतात. आरपार काही दिसत नाही. गाडी थंड असताना सुरू होणं आणि आयडलवर टिकणं, दोन्ही या बारीक भोकावर आहे. पोऱ्या पोलादी तार पुढं करतो तसे वस्ताद त्याचा हात धरतात. "तांब्याची घे. पोलादानं भोक मोठं झालं की जेट गेला." वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू हळूच आत जातो, मग क्लीनरचा फवारा, मग कॉम्प्रेसरची हवा. जेट पुन्हा उजेडासमोर येतो. आता टाचणीच्या टोकाएवढाही नसलेला, पण अगदी गोल असा प्रकाशाचा ठिपका दिसतो. वस्ताद तो तरुणालाही दाखवतात, मलाही दाखवतात. हे काम किती नाजूक आहे ते गाडीच्या मालकानं एकदा डोळ्यांनी बघावं, असा त्यांचा आग्रह आहे.

मेन जेट, फ्लोटची सुई, तिची बैठक, कॉकची जाळी, सगळं धुऊन परत बसतं. वाटीचं गास्केट आणि लाकडासारखी कडक झालेली पेट्रोलची नळी नवी. एअर फिल्टरच्या फोमचा तर हात लावताच भुगा होतो.

एवढं झाल्यावरही किक नाही. वस्ताद ऑइल पंपाकडे वळतात. या गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, वेगळ्या टाकीतून पंप ते इंजिनाला पोचवतो. पंपात हवा अडकली तर इंजिन कोरडं चालतं आणि पिस्टन जाम होतो. जुनं ऑइल काढून नवं भरतात, पंपाचा स्क्रू ढिला करतात. बुडबुडे येतात, येत राहतात, थांबतात. तरी भरवसा नको म्हणून टाकीऐवजी वर टांगलेल्या बाटलीतल्या पेट्रोलमध्येही लिटरला तीसेक मिली या हिशेबानं टू-टी ऑइल घालतात.

चोक. किक. काही नाही. पुन्हा किक, एक ठसका. त्यानंतरच्या किकला इंजिन पेटतं, निळा धूर शटरबाहेर लोटतो आणि लेथवाला काम सोडून बघायला येतो. वस्ताद धुराकडं बघत नाहीत. हवेचा स्क्रू दीड फेरा बाहेर आहे, तिथून ते तो जरा मागं, जरा पुढं फिरवतात, कान इंजिनाकडं. हवा कुठून चोरली जात असती तर इंजिन आपोआप पळालं असतं. तसं होत नाही, म्हणजे क्रँकची ऑइल सील अजून शाबूत आहेत. आवाज एका लयीत येतो.

तरुण काही बोलत नाही, फक्त ॲक्सिलरेटरवर हात ठेवून उभा राहतो.

तुमच्याही दारात एखादी गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करा. वर्षांचा प्रश्न असेल तर टाकीही रिती करून आतून ऑइल फिरवा. वाटीचं काम दोन मिनिटांचं आहे, आजच करा.