ब्रह्मांड केवढें, पृथ्वी केवढी

विश्व अफाट आहे हें ज्ञान झालें कीं धर्मश्रद्धा डळमळूं लागते, अशी समजूत सुशिक्षित घरांतून सर्रास आढळते. दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, तारे दूर दूर सरकत गेले, आणि अखेर देवाला राहावयास जागाच उरली नाहीं, असा कांहींसा तिचा आशय असतो. यूरोपच्या इतिहासांत तिला आधारहि सांपडतो. १६०० सालीं रोम येथें जोर्दानो ब्रूनो याला जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्यावरील आरोप अनेक होते, पण असंख्य जगें आहेत हें त्याचें मत त्यांपैकींच एक होतें. १६३३ सालीं गॅलिलिओला पृथ्वी फिरते हें मत शपथेवर सोडावें लागलें. महाराष्ट्रांत हाच प्रश्न उपस्थित झाला तो मात्र निराळ्या वाटेनें, आणि त्या वाटेची माहिती फार थोड्यांना असते.

मराठी भाविकाला विश्वाच्या विस्ताराचें भय असें कधीं वाटलेंच नाहीं. आपल्या दैवताला तो 'अनंतकोटि ब्रह्मांडनायक' म्हणून हांक मारीत आला आहे. असंख्य ब्रह्मांडें परमाणूंसारखीं ईश्वराच्या ठिकाणीं येत जात असतात, ही कल्पना भागवतांत आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आणि तो ४३२ कोटि वर्षांचा. देव्हाऱ्यांतील मूर्ति वीतभर उंचीची आणि तिचें बिरुद अनंत ब्रह्मांडांचें, हें ज्याला लहानपणापासून अंगवळणीं पडलें आहे, त्याला नुसता आंकडा मोठा सांगून कोणी भिववूं शकत नाहीं. मग वाद झाला तो कशावरून? आकाश मोठें झालें म्हणून तो झाला नाहीं. पृथ्वी लहान झाली म्हणून झाला.

पुराणांतील पृथ्वीचें वर्णन पाहावें. ती सपाट आहे. मधोमध सोन्याचा मेरु, ८४,००० योजनें उंच. त्याच्या सभोंवार एक लक्ष योजनें विस्ताराचें जंबुद्वीप, त्यास वेढून खारा समुद्र. पुढें प्लक्ष, शाल्मलि, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर हीं द्वीपें, दर एक मागच्याच्या दुप्पट. आणि मध्यें मध्यें उंसाचा रस, मद्य, तूप, दहीं, दूध व गोडें पाणी यांचे समुद्र. एकंदर विस्तार ५० कोटि योजनें. सूर्य मेरूच्या आड गेला कीं रात्र होते, आणि चंद्र सूर्याच्याहि वर एक लक्ष योजनें आहे.

आतां सिद्धान्तज्योतिषाची पृथ्वी पाहावी. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधला. त्यांचें गांव सह्याद्रीच्या परिसरांतलें, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांच्या नातवानें स्थापिलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटणें येथें आहे. ११५० सालीं लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनीं पृथ्वी गोल मानली असून तिचा परीघ ४,९६७ योजनें दिला आहे. पन्नास कोटि कोठें आणि पांच हजारांच्या आंतला हा आंकडा कोठें! आणि हा आंकडा कोणाच्या वचनावर विसंबून दिलेला नाहीं. सरळ दक्षिणोत्तर असलेलीं दोन गांवें घ्यावीं. दोहोंकडील ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजावी. त्या अंशांच्या अंतराला गांवांमधील योजनांचें अंतर जुळतें, तर ३६० अंशांना किती, असें हें साधें त्रैराशिक आहे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, असें त्यांनीं उदाहरणहि दिलें आहे. मराठी शाळेंतल्या सातवीच्या मुलाला तें सोडवितां येईल.

भास्कराचार्यांची वादपद्धति मोठी रोखठोक आहे. पृथ्वीला आधार पाहिजे म्हणावें तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा. कोठें तरी आपल्याच शक्तीनें राहणारें कांहीं मानावेंच लागतें, मग पृथ्वीनेंच काय केलें? वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ दिसतो; पृथ्वी प्रचंड आणि माणूस अगदीं लहान, म्हणून ती त्याला सपाट भासते. मेरूमुळें रात्र होत असेल तर मध्यें उभा असलेला तो सोन्याचा डोंगर दिसत कां नाहीं? आणि मेरु जर उत्तरेस, तर सूर्य वर्षांतील कांहीं महिने दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो?

एवढें विचारणाऱ्या माणसानें मेरु टाकून दिला असेल, असें वाटणें साहजिक आहे. पण तसें झालें नाहीं. त्यांनीं मेरु उचलून उत्तर ध्रुवावर ठेवला. जंबुद्वीप म्हणजे सगळा उत्तर गोलार्ध, खारा समुद्र विषुववृत्ताशीं, बाकीचीं सहा द्वीपें व समुद्र दक्षिणेकडे, अशी वांटणी केली. ग्रहण पृथ्वीच्या छायेनें लागतें हें गणितानें सिद्ध करून शेवटीं राहूलाहि त्या छायेंत शिरण्याची मोकळीक दिली. पितरांची व्यवस्था तर फारच युक्तीची आहे. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते. पितर राहतात ते वरच्या, न दिसणाऱ्या बाजूवर. अमावास्येला सूर्य नेमका त्या बाजूच्या माथ्यावर येतो, म्हणजे ती पितरांची दुपार, म्हणजे जेवणाची वेळ. म्हणून श्राद्ध अमावास्येला. भूमिति येथें बिनचूक आहे. १९५९ च्या ऑक्टोबरांत रशियाच्या लूना-३ या यानानें त्या बाजूचीं पहिलीं छायाचित्रें पाठविलीं आणि ३ जानेवारी २०१९ रोजीं चीनचें चांग-अ-४ हें यान प्रत्यक्ष तेथें उतरलें. खड्डे आणि खडक यांखेरीज तेथें कांहीं आढळलें नाहीं. सर्वपित्री अमावास्येचें श्राद्ध त्यामुळें एकाहि घरांतून बंद पडल्याचें ऐकिवांत नाहीं. वडिलांच्या नांवानें पान वाढणारा मनुष्य तें चंद्राच्या पाठीमागचा पत्ता पाहून वाढीत नव्हता, एवढाच याचा अर्थ.

आकाशाच्या मापाविषयीं भास्कराचार्यांचें धोरण याहून सूक्ष्म आहे. जुने ज्योतिषी 'खकक्षा' म्हणून आकाशाच्या घेराचें एक माप देत. तें काढण्याची रीति अशी: चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनें, एका कल्पांत चंद्राच्या फेऱ्या ५७,७५,३३,००,०००, दोहोंचा गुणाकार १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजनें. हाच ब्रह्मांडाचा घेर, असें कित्येकांचें म्हणणें. भास्कराचार्य म्हणतात तें थोडक्यांत असें कीं, ब्रह्मांड एवढें असो वा नसो. एक ग्रह एका कल्पांत जितकीं योजनें चालतो त्यांना पूर्वाचार्यांनीं खकक्षा म्हटलें, एवढेंच आमचें मत. स्वतः केलेला गुणाकार कोठें संपतो आणि जगाविषयींचें विधान कोठें सुरू होतें, हें त्यांनीं एका वाक्यांत वेगळें काढलें. इतका सावधपणा आजहि दुर्मिळ आहे. ४३२ कोटींचा कल्प आणि पृथ्वीचें आज ठरलेलें सुमारें ४५४ कोटि वर्षांचें वय हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पूर्वजांना सर्व ठाऊक होतें असें सांगणाऱ्यांनीं हें स्थळ अवश्य वाचावें. कल्पाचा आंकडा खडक तपासून आलेला नाहीं. तो युगांच्या गुणाकारांतून आलेला आहे.

हें माप आजच्या मोजमापाशीं ताडून पाहणें उद्बोधक होईल. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर. त्यावरून भास्कराचार्यांचें योजन सुमारें ८ किलोमीटरांचें ठरतें. चंद्राचें त्यांनीं दिलेलें अंतर ५१,५६६ योजनें, म्हणजे सव्वाचार लाख किलोमीटरांच्या आंतच. खरें सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. नुसत्या डोळ्यांनीं व बांबूच्या नळीनें वेध घेणाऱ्या परंपरेला हें भूषणावह आहे. सूर्याचें अंतर मात्र सुमारें ५५ लाख किलोमीटर येतें आणि खरें आहे १५ कोटि. चूक मोजणींत नव्हती, गृहीतांत होती: सर्व ग्रह रोज सारखींच, सुमारें ११,८५९ योजनें चालतात असें धरलें होतें. खकक्षेचा व्यास आजच्या भाषेंत सुमारें ५,००० प्रकाशवर्षें भरतो. आपल्या आकाशगंगेचा व्यास १ लाख प्रकाशवर्षांच्या घरांत आहे. तेव्हां ती सगळी खकक्षा आकाशगंगेच्या एका कोपऱ्यांत मावेल.

दोन पृथ्वींचा हा विरोध गोदातीरच्या पंडितांना पुढेंहि स्वस्थ बसूं देईना. पार्थपुर, म्हणजे पाथरी, येथील ज्ञानराजानें १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' लिहून पुराणांना ज्योतिषांत मानाची जागा देण्याचा यत्न केला. सतराव्या शतकांत कोपरगांवच्या घराण्यांतील नीलकंठ चतुर्धर, महाभारताचे प्रसिद्ध टीकाकार, यांनीं काशींत याच समन्वयासाठीं एक स्वतंत्र प्रकरण रचलें. तोंवर हा पंडितांचा घरगुती वाद होता. एकोणिसाव्या शतकांत त्याला धार आली. ख्रिस्ती धर्मप्रसारक क्षीरसमुद्राचा पत्ता विचारून सगळा हिंदु धर्मच खोटा ठरवूं पाहत होते. त्या वेळीं भोपाळ दरबाराकडील इंग्रज वकील लॅन्सलॉट विल्किन्सन यानें सिहोर येथें पाठशाळा चालवून निराळी युक्ति योजिली: नवें ज्योतिष शिकवावयाचें तें भास्कराचार्यांच्या हातानें. त्याच्या पाठशाळेंतील सुबाजी बापू यांनीं १८३६ सालीं 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध करून पुराणें, सिद्धान्त व कोपर्निकस यांचीं मतें एकापुढें एक ठेवलीं. पुराणांच्या भूगोलापेक्षां सिद्धान्त खरे, आणि कोपर्निकसाचें मत त्याहून सरस, असा त्यांचा निर्णय. पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वर यांनीं लगोलग 'अविरोधप्रकाश' लिहून दोहोंत विरोध मुळीं नाहींच, असें प्रतिपादन केलें.

सुबाजी बापूंचा पक्ष खरा होता, यांत आज कोणाला शंका नाहीं. तरी दुसऱ्या पक्षाला हंसणें बरें नव्हे. द्वीपांच्या बाबतींत पुराण चुकतें असें एकदां कबूल केलें, तर गृहस्थ उद्यां विचारणार कीं व्रतांचें, श्राद्धाचें, मुक्तीचें काय? ज्या ग्रंथावर जन्ममरणाचा भरंवसा ठेवला त्याचें एक पान फाडून बाकीचीं कशीं राखावीं, ही अडचण खरी होती, आणि ती अविरोधाच्या युक्तिवादानें सुटणारीहि नव्हती. मेरु ध्रुवावर नेऊन ठेवणारे तरी काय करीत होते? पुराणांतील शब्दाला नकाशावरचें ठिकाण मिळवून देत होते. ठिकाण मिळालें कीं तें तपासतां येतें, आणि तपासलें कीं रितें निघतें. 'अनंतकोटि ब्रह्मांडनायक' या शब्दांना असें ठिकाण कोणी कधीं दिलें नाहीं, म्हणून ते अजून ओठांवर आहेत.

सुबाजी बापूंच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनीं, १८३८ त, जर्मन ज्योतिर्विद बेसेल यानें हंस तारकासमूहांतील एका मंद ताऱ्याचें अंतर पहिल्यानें मोजून दाखविलें. आजच्या हिशेबानें तें सुमारें ११ प्रकाशवर्षें आहे. हबल यानें केलेल्या निरीक्षणांवरून १९२५ सालीं देवयानीचा अभ्रिकापुंज आकाशगंगेच्या बाहेरचें स्वतंत्र तारकाविश्व असल्याचें जाहीर झालें. तें सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें दूर आहे. दृश्य विश्वाचा व्यास आज ९,३०० कोटि प्रकाशवर्षें धरतात. या आंकड्यांवरून पुण्यांत कोणी खंडनमंडनाचे ग्रंथ लिहिल्याचें दिसत नाहीं. लढाई झाली ती ४,९६७ योजनांवर. पुढचीं शून्यें वाढत गेलीं तीं निमूटपणें वाढलीं.

जुना प्रश्न मात्र एका ठिकाणीं अद्याप डोकें वर काढतो, आणि तें ठिकाण म्हणजे पूजेचा संकल्प. त्यांत यजमान आपला पत्ता सांगत असतो: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावें कलियुग, मग जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य आणि गोदावरीचें एक तीर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मराठी कुटुंबें अमेरिकेंत स्थायिक झालीं आणि तेथें कोणतें द्वीप उच्चारावें असा पेंच पडला. कांहीं पुरोहित तेथें जंबुद्वीपाऐवजीं क्रौंचद्वीप म्हणतात. भास्कराचार्यांचा गोल प्रमाण धरला तर ही तजवीज अनावश्यक आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेची सारी भूमि त्यांनीं जंबुद्वीपांतच घातली असल्यामुळें न्यूयॉर्क आणि नाशिक एकाच द्वीपांत पडतात. पेंच उरतो तो सिडनीच्या यजमानाचा. खाऱ्या समुद्रापलीकडे द्वीपें सहा, आणि त्यांतलें आपलें कोणतें हें त्याच्या पुरोहितालाच ठरवावें लागणार.